दारावरची पाटी आपणच कोरावी का?

घराचं रंगकाम उरकलं, वास्तुशांतीची तारीख ठरली की शेवटी दारावरच्या पाटीचा विषय निघतो. छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीच्या गल्ल्यांत काय किंवा शेजारच्या सिडको एन-2 मध्ये काय, त्यावर आजवर दोनच मार्ग होते. दुकानातून ॲक्रिलिकची किंवा स्टीलची पाटी करून घ्यायची, नाहीतर सीएनसीवाल्याला व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवून एमडीएफमध्ये कापून आणायची. अलीकडे तिसरा मार्ग दिसू लागला आहे. दोन-अडीच हजारांचा हातातला ट्रिमर, सागाच्या फळीचा एक तुकडा, मोबाईलवर पाहिलेले चार व्हिडिओ, आणि घरातल्या कुणाचा तरी उत्साह: ‘आपणच कोरू की!’

या उत्साहाला हसून वाटेला लावणं सोपं आहे. ‘हाताने केलेल्या वस्तूत जीव असतो’ म्हणून त्याला डोक्यावर घेणं त्याहून सोपं. दोन्हींत विचार करायचे कष्ट वाचतात. पण ट्रिमर म्हणजे छोटा राऊटर, मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारं यंत्र आहे, सागाचं लाकूड महाग आहे, आणि देवनागरी अक्षर कोरायला सोपं नाही. तेव्हा हिशेब नीट मांडलेला बरा.

आधी यंत्राची बाजू, कारण ती भक्कम आहे. आपलं शहर कारखान्यांचं. चिकलठाणा एमआयडीसी मुकुंदवाडीच्या उशाशी, पुढे शेंद्रा, पलीकडे वाळूज. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी कापणी इथे नवलाईची राहिलेली नाही. देवघराच्या जाळीपासून कपाटाच्या दारापर्यंत सगळं सीएनसीवर कापून मिळतं. ते यंत्र अक्षरांतली अंतरं चुकत नाही, रेघ थरथरत नाही, आणि व्ही आकाराचं बिट कोपऱ्यात वर उचलत नेऊन टोक असं धारदार काढतं की हातातल्या राऊटरला ते जमणं फार अवघड. एक बिघडलं तर दुसरं तसंच्या तसं. खर्चाचं म्हणाल तर ट्रिमर, बिटं, शिकंजे, पॉलिश पेपर, सीलर आणि वाया जाणारी पहिली फळी धरली की घरी केलेली एक पाटी करून आणलेल्या पाटीपेक्षा महाग पडते. ‘स्वस्तात होते’ हा मुद्दा म्हणून इथेच बाद.

दुकानदाराने तर या फंदात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्याने 2022 मध्ये दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली. देवनागरी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असा नियम झाला. व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगितलं. कायद्याला पाटी कशाची आहे याच्याशी देणंघेणं नाही. धावत्या रिक्षातून वाचता यावी, रात्री दिसावी आणि वेळेत लागावी, एवढं दुकानाच्या पाटीचं काम असतं. त्या कामाला शिकाऊ हात नको.

उरतो घराचा प्रश्न. इथे हाताच्या बाजूने सहसा जो मुद्दा मांडतात तो अक्षरांच्या देखणेपणाचा. त्यात तथ्य आहे, पण वाटतं तेवढं नाही. बहुतेक ठिकाणी पाटीचा मजकूर संगणकात जो फाँट आधीपासून असतो त्यातच टाइप होतो. वर्षानुवर्षं तो ‘मंगल’ होता. र. कृ. जोशींसारख्या जाणत्या अक्षरकाराने तो केला, पण पडद्यावर वाचण्यासाठी. सागात पाच मिलिमीटर खोल उतरावा म्हणून नव्हे. शिवाय बऱ्याच फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले, तरी पाटीवाल्याच्या संगणकापर्यंत तो निर्णय क्वचितच पोचलेला दिसतो. शिंदे, शेळके, लोखंडे यांच्या दारावर ही गोष्ट रोज डोळ्यांना खुपू शकते.

पण जरा थांबा. स्वतःच्या हाताने अक्षरं कागदावर काढून, त्याचा फोटो सीएनसीवाल्याला दिला तर? तोही नीट कापून देतो. ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्ता’, ‘बलू’सारख्या फाँटांतून चांगली अक्षरं निवडायलाही पैसे पडत नाहीत. म्हणजे अक्षर आपल्या मनासारखं हवं, एवढ्यासाठी लाकूड आपणच कोरायची गरज नाही. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा कोरलेली पाटी यंत्राच्या पाटीपेक्षा सुंदर दिसतही नाही. रेघ कुठे तरी वाकडी जाते, तळ खडबडीत राहतो, कुठे जळल्याचा काळा डाग उरतो.

मग ना स्वस्त, ना सुंदर, तर हाताच्या बाजूला शिल्लक काय राहतं? माझ्या मते एक गोष्ट राहते आणि ती पुरेशी आहे. राऊटरने अक्षरं कोरण्याची जी विद्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत मिळते ती जवळपास सगळी रोमन लिपीची आहे. बाजारात मिळणारे अक्षरांचे साचेही रोमन. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांच्या पिवळ्या अक्षरांच्या तपकिरी लाकडी पाट्या हा या कामाचा जुना नमुना. तिथे अक्षरं एकमेकांपासून सुटी उभी असतात. देवनागरी शिरोरेघेला लटकते, वर मात्रा-वेलांट्या चढवते, खाली उकार सोडते. तिच्यासाठी काय बदलायचं, हे ज्याने त्याने फळीवर शोधायचं आहे. ते शोधणारे हात जितके वाढतील तितकं बरं.

‘मुकुंदवाडी’ हाच शब्द घ्या. सहज म्हणून लिहिला जातो, पण कोरायला घेतला की त्यात तीन मजले निघतात. मधल्या मजल्यावर अक्षरं. वर अनुस्वार आणि ‘डी’ची वेलांटी. खाली ‘मु’ आणि ‘कु’ यांचे उकार. अक्षराची उंची साडेसात सेंटिमीटर धरली, तर फळी पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीची चालत नाही. नाहीतर उकार फळीच्या काठाला टेकतात आणि काठ उडतो. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते फक्त मधला मजला मोजतात.

पुढे शिरोरेघ. सगळ्यांत सोपी वाटणारी हीच रेघ सगळ्यांत अवघड आहे. फळीचे रेषे आडवे, रेघही आडवी. बिट रेघ सोडून रेषांच्या मागे पळतं. पाईनसारख्या लाकडात एक रेषा मऊ, एक कडक असते, त्यात तर ते हमखास घसरतं. म्हणून शिरोरेघ नुसत्या हाताने काढूच नये. सरळ पट्टी शिकंज्याने आवळावी आणि ट्रिमरचा तळ तिला चिकटवून न्यावा. पट्टी कोणत्या बाजूला? वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाताना यंत्र आपल्यापासून दूर ढकललं जातं. पट्टी त्या पलीकडच्या बाजूला असेल तर यंत्र तिच्यावर दाबून बसतं. अलीकडे लावली तर तिच्यापासून सुटून भलतीकडे जातं. एवढं एक समजलं तरी निम्मं काम सुधारतं, आणि व्हिडिओत नेमकं हेच कापलेलं असतं.

नव्वद अंशांचं व्ही-बिट वापरलं तर रेघेची रुंदी खोलीच्या दुप्पट होते. पाच मिलिमीटर खोल गेलात की दहा मिलिमीटर रुंद. याचा अर्थ फळी मधे एक मिलिमीटर जरी खोलगट असली तरी शिरोरेघ तिथे दोन मिलिमीटर बारीक दिसणार. म्हणून आधी रंधा. फळीवर सळई ठेवून उजेडाकडे धरायची, खालून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. कंटाळवाणं आहे, पण पाटी कशी दिसणार हे बरंचसं इथेच ठरतं. खोलीही एकदम गाठायची नाही: पहिला हात दोन मिलिमीटर, मग पुढचा. एकदम पाच घेतले तर छोटा ट्रिमर गुरगुरतो, बिट तापतं आणि लाकूड जळतं.

आता ‘वा’. ‘व’चा दंड आणि त्याला लागून काना, दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी. दोन्ही रेषांना आडव्या कापणाऱ्या. मधे लाकडाची जी बारीक भिंत उरते तिचे रेषे इतके आखूड असतात की बिटाच्या धक्क्याने ती खपली होऊन निघून येते. कागदावर ही अडचण दिसत नाही, फाँटातही नसते. उपाय साधा आहे: लाकडात कोरताना काना ‘व’पासून एरवीपेक्षा थोडा लांब सरकवायचा. ‘व’च्या पोटातलं बेट, ‘क’च्या डाव्या पोटातलं बेट, यांनाही हाच नियम, पोट एक सेंटिमीटरपेक्षा लहान झालं की बेट वाचेल याची खात्री देता येत नाही. ‘द’ची गाठ नवशिक्याने सरळ गाळावी, शेपूट तेवढी ठेवावी. वाचणाऱ्याला ‘द’च दिसतो. अनुस्वारासाठी ट्रिमर घेऊच नये. ड्रिल मशीनला स्क्रूचं डोकं बुडवायचं बिट लावून एक टोला पुरे, नितळ गोल उतरतो. कोपरे शेवटी पटाशीने.

आडनाव कोरणाऱ्याला हीच गणितं वेगळ्या क्रमाने भेटतील. ‘क्षीरसागर’ किंवा ‘श्रीखंडे’ अशा आडनावाच्या माणसाने पहिल्या पाटीला घराचं नाव निवडावं, हे आपलं मैत्रीचं सांगणं.

लाकडाचं पाहू. मराठवाड्याची हवा लाकडाशी फार प्रेमाने वागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाऊन हवा कोरडी ठाक होते, जुलैत तीच ओलसर. फळी आक्रसते, फुगते, आणि एका बाजूनेच रंग लावला असेल तर वाकते. म्हणून पाठीलाही समोरच्याइतकेच हात द्यायचे. सागवान यात सगळ्यांत शहाणं. जुन्या घराची चौकट मिळाली तर उत्तम, फक्त आत गाडलेला खिळा आधी शोधा, बिट तुटून उडालं तर ते डोळ्याकडेही येऊ शकतं. सागात वाळूचा अंश असतो, तो बिटाची धार लवकर घालवतो, हेही लक्षात असू द्या. सरावासाठी भंगारवाल्याकडे कारखान्यांतून आलेल्या पॅकिंगच्या पाईनच्या फळ्या मिळतात. त्यावरचा शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवलेलं, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने प्रक्रिया केलेलं, ते घरात आणू नये.

पाटी लावायची ती छपराखाली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत, कारण त्यांना ऊन-पाऊस लागला नाही. आपल्या जवळ वेरूळला तर लाकडाची ती आठवण दगडातच कोरून ठेवली आहे. दहा क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. तिथल्या दगडी छताला लाकडी वाशांचा आकार दिलेला आहे. ज्यांना कायमचं हवं होतं त्यांनी दगड निवडला, हा इशारा लाकडाच्या भक्तांनी ऐकून ठेवावा. फाटकावर, उघड्यावर लावायची असेल तर ॲक्रिलिकच घ्या.

आता ज्या मुद्द्यावर हौशी माणूस नाक मुरडतो तो. राऊटर हे घरगुती मिक्सरच्या रांगेत बसवण्याजोगं यंत्र नाही. स्वस्त ट्रिमरचं बटण सरकवून चालू करायचं असतं आणि ते तसंच चालू राहतं. आपल्याकडे वीज जाते. काम करता करता वीज गेली, माणूस यंत्र ठेवून चहा प्यायला गेला, वीज आली की ट्रिमर टेबलावर आपोआप फिरू लागतो. अशा वेळी जवळ लहान मूल असेल तर काय होईल, सांगायला नको. वीज गेली की आधी पिन काढायची, बिट बदलतानाही पिन काढायची. याला अपवाद नाही. ओढणी, गळ्यातला गोफ, सैल बाही, काहीही लोंबतं नको. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. धुळीचं तर अनेकांना माहीतच नसतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना, पण रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क लागतो. आणि शेजारी. रो-हाऊसच्या भिंती पातळ, यंत्राचा आवाज कर्कश. रविवारी दुपारी सगळी गल्ली झोपलेली असताना ट्रिमर सुरू करणाऱ्याची पाटी कितीही सुबक झाली तरी तिचं कौतुक होणार नाही. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर मार्चपर्यंत थांबावं.

हे सगळं पाहून कुणी म्हणेल, मग मिस्त्रीलाच द्या की काम. याला माझा विरोध नाही. उलट पहिल्या दिवशी मिस्त्रीला बोलवावं, त्याच्या रोजंदारीचे पूर्ण पैसे द्यावेत आणि यंत्र कसं धरायचं ते शिकून घ्यावं. हौशी माणसामुळे सुताराचं काम जातं ही भीती मला खरी वाटत नाही. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची कमाई फ्लेक्सने खाल्ली, हौशी लोकांनी नव्हे. केंद्राच्या 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारही आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात. त्यात चांगला राऊटर बसतो. ज्या मिस्त्रीने आजवर सनमायकाची कड मारायलाच ट्रिमर वापरला, त्याच्यासाठी देवनागरी अक्षरं हे नवं काम ठरू शकतं. त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळायला हवं, एवढंच.

एक अवघड मुद्दा बाकी आहे. कोरलेलं पुसता येत नाही. 24 फेब्रुवारी 2023 ला केंद्राने शहराच्या नामांतराला मान्यता दिली आणि गावभर पाट्या बदलू लागल्या. ज्यांचा फ्लेक्स होता त्यांनी नवा छापला. जून 2025 मध्ये महापालिकेने मुकुंदवाडीत जालना रोडलगत मोठी अतिक्रमण हटाव मोहीम राबवली, तेव्हा दुकानांबरोबर त्यांच्या पाट्याही गेल्या. या शहरात काय कायम आणि काय नाही, हे सांगणं धाडसाचं आहे. म्हणून लाकडात शहराचं नाव, वॉर्ड, पिनकोड कोरू नये. त्यासाठी खाली पितळी पट्टी लावावी, ती बदलता येते. पाटी भिंतीत सिमेंटने पक्की करू नये, मागे लाकडी पट्टी लावून अडकवावी. घर बदललं तर सोबत नेता येईल. नावांचाही विचार आधीच करावा. घरकर्त्याचं एकट्याचं नाव कोरून झाल्यावर ‘माझं नाव कुठे?’ असा प्रश्न बायकोने विचारला तर लाकडात जागा नसते. दोघांची नावं घाला, नाहीतर नुसतं आडनाव.

तेव्हा माझा कौल असा. दुकान, दवाखाना, शाळा, सोसायटीचं फाटक: यंत्रावर करून घ्या, फक्त अक्षरं आणि त्यांतले ‘ल’ आणि ‘श’ तपासून घ्या. घराच्या दारावर, छपराखाली, एकाच शब्दाची पाटी हवी असेल आणि हाताशी रिकामा महिना असेल, तर जरूर स्वतः कोरा. पैसे वाचतील म्हणून कोरू नका, आणि पाहुणे वाहवा करतील म्हणूनही नको. पहिली आठ-दहा अक्षरं भंगारातल्या पाईनवर घालवा. त्यात काना किती सरकवला, कोणतं पोट फुटलं, कोणत्या बिटाने उकार साधला, हे वहीत लिहून ठेवा आणि गल्लीतल्या पुढच्या माणसाला ती वही द्या. आणि वीज गेली तर आधी पिन काढा.